आप्पासाहेब येईपर्यंत

नरसिंहपूर, ता. इंदापूर
११ जानेवारी

चि. अविराज,

मंत्र्याला 'चिरंजीव' लिहायचं का 'माननीय', हे आपल्या चुलत्यांना, रामहरी तात्यांना, विचारलं. ते म्हणाले, "थोरली भन हायस, चिरंजीवच लिव्ह. माननीय म्हणायला इंदापुरात लै जण हायती." म्हणून चिरंजीव. अनेक आशीर्वाद.

आधी फोनच केला होता. तुझ्या त्या शिवम नावाच्या स्वीय सहायकानं उचलला. मी म्हटलं, मी साहेबांची बहीण. तो म्हणाला, "ताई, सगळ्याच बहिणी असतात. काम सांगा." मग फोन ठेवला. आणि पत्रच आईला बरं पडतं. फोनवरचं तिला ऐकू येत नाही, पण तुझं पत्र वाचून दाखवलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचायला लावते. तू बारामतीला होस्टेलवर असताना लावायची तसंच.

इंदापुरातला तुझा सत्कार बघून आलो. जेसीबीच्या बकेटातून तुझ्यावर झेंडू ओतला. क्रेनला टांगलेला हार गळ्यात बसेना, तर तुलाच त्या हाराच्या आत नेऊन उभं केलं. तू हसत होतास. आईला दोघांनी बगलेत हात घालून वर चढवली, तुझ्या शेजारी फोटो काढला आणि सगळे तुझ्यामागं उतरून गेले. आई स्टेजच्या पायरीवर बसून राहिली. पोलीस मला आत सोडेना. शेवटी मंडपवाल्यानं तिला खाली आणली. पायाखाली झेंडू तुडवून नुसता चिखल झाला होता, त्याचा आंबूस वास येत होता. मला शिसारी आली, खरं सांगते. तुझी नाही. त्या सगळ्याची.

आई मात्र खूश आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "राज्यमंत्री म्हंजी आख्ख्या राज्याचा मंत्री. त्याच्यावर कोन न्हाय." कोणी कसली कसली कामं घेऊन येतं, तिला नमस्कार करून जातं. तू अर्थखात्यात नक्की काय करतोस, ते नीट लिही. मला अर्थशास्त्र कळत नाही, पण तू समजावलेलं कळायचं.

पेरूचा बहार बरा आहे.

तुझी,
संजीवनी अक्का

*

मुंबई
२६ जानेवारी

ती. अक्का,

नमस्कार. पत्राचे दोन कागद आहेत. पहिला आईला मोठ्यानं वाच. दुसरा तुझ्यापुरता.

आई, माझ्या खोलीच्या खिडकीतून झाडं दिसतात आणि त्यांच्यामागं समुद्राची एक निळी पट्टी. टेबल आपल्या ओसरीएवढं आहे. दारात शिपाई असतो, मी उठलो की तोही उठतो. जेवायला भाकरी मिळते, तुझ्यासारखी नाही. मार्चमध्ये सगळ्या राज्याचा अर्थसंकल्प मी सभागृहात वाचणार आहे. औषध वेळेवर घे. तुझा अवी.

(अक्का, इथून पुढं तुझ्यापुरतं.)

राज्यमंत्री म्हणजे राज्याचा मंत्री नव्हे. राज्यमंत्री म्हणजे धाकटा मंत्री. थोरला तो कॅबिनेट मंत्री. अर्थखात्याचे थोरले म्हणजे आमचे कोकणातले आप्पासाहेब. नियम असा, की थोरल्यानं लेखी वाटून दिली तेवढीच कामं धाकट्याची. मला दोन वाटून मिळालीत: अल्पबचत आणि लॉटरी. बारामतीच्या कॉलेजात एवढी वर्षं सार्वजनिक वित्त शिकवलं, आणि आता लॉटरीच्या सोडतीला जाऊन टाळ्या वाजवतो. बाकी फायली माझ्या दारावरून जातात. शिपायाच्या हातात बघतो मी त्या. आत येत नाहीत.

हे पद आलं कुठून, ते वर्गात मी मोठ्या हौसेनं सांगायचो. इंग्रजांच्या पार्लमेंटात एका सभागृहातला मंत्री दुसऱ्या सभागृहात बोलू शकत नाही. म्हणून तिथं त्याच्या वतीनं बोलायला एक धाकटा ठेवायचे. आपल्याकडं मंत्र्याला दोन्ही सभागृहांत बोलता येतं. म्हणजे धाकट्याची गरज संपली, पण पद संपलं नाही. उलट वाढलं. उपमंत्रीही असायचे पूर्वी. कोणता जिल्हा नाराज, कोणती जात नाराज, कोणता गट फुटायला आलाय, तिथं एक लाल दिवा द्यायचा. दिवा आता गेला, नाराजी आहे.

भिंतीवर माझ्या आधीच्या राज्यमंत्र्यांच्या नावांची पाटी आहे. जुन्या शिपायाला विचारलं, यांनी काय काय केलं? त्यानं खूप आठवून सांगितलं, "ते तिसरे साहेब पडदे बदलून गेले."

तरी आलो का, असं विचारशील. वाटलं होतं, आत राहून एखादी गोष्ट तरी नीट करता येईल. अजून वाटतं. आप्पासाहेबांचा विश्वास बसला की ते फायली देतात म्हणे.

तुझा,
अवी

*

नरसिंहपूर
१८ फेब्रुवारी

चि. अविराज,

पहिला कागद वाचला. समुद्राच्या पट्टीपाशी मला थांबवून आईनं तेवढंच पुन्हा ऐकलं. मग म्हणाली, "दुसऱ्या कागदात काय हाय?" मी म्हटलं, हिशेबाचं आहे. तर म्हणाली, "मंग ते ऱ्हाऊ दे. थकलेला दिसतोय."

तिच्या पायांना सूज आहे. रात्री उशा लावून बसवावी लागते. इंदापूरच्या डॉक्टरांनी हृदय दमलंय म्हणून सांगितलं. घाबरायला लिहीत नाही, पण येऊन जा. गाड्यांचा लवाजमा न आणता ये. मागच्या वेळी तुझ्या माणसांनी अंगणात गाड्या फिरवल्या आणि आईची तुळस चेपली.

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. अवी, विश्वास बसावा म्हणून किती दिवस दारात उभं राहायचं? तू पेपरात अर्थसंकल्पावर लिहायचास तेव्हा तात्या चावडीवर मोठ्यानं वाचायचे. तेव्हा तुला शिपाई नव्हता, पण माणसं ऐकत होती. सोडून ये. कॉलेज घेत नसेल तर घरी बस, पेरू काढ. मी चेष्टा करत नाही.

आईला तुला टीव्हीवर बघायचंय. शेजारच्या फुलाबाईकडं मोठा टीव्ही आहे, त्या दिवशी तिकडं नेईन.

अक्का

*

मुंबई
१४ मार्च

ती. अक्का,

आईनं बघितलं का? खरं सांग. मला वाटतं दिसलो नसेन. थोरले विधानसभेत वाचतात त्याच वेळी धाकट्यानं विधान परिषदेत तेच भाषण वाचायचं, अशी रीत आहे. सगळे कॅमेरे तिकडं. आमच्याकडं निम्मी बाकं रिकामी, आणि जे बसलेले तेही मोबाइलवर तिकडचंच बघत होते. एक आमदार तर माझ्या दोन पानं पुढं होता. मी वाक्य सुरू केलं की तो मान हलवायचा.

भाषणात कोरडवाहू गावांच्या पाण्यावरचा परिच्छेद होता. बारामतीच्या पलीकडं, सुप्याच्या बाजूचा. जुनीच योजना नव्या नावानं, आणि तरतूद गेल्या वर्षीपेक्षा कमी. दोन वर्षांपूर्वी मी पेपरात ह्याच चलाखीवर लिहिलं होतं, तुला आठवेल. ती ओळ आली. पाणी प्यायलो. मग वाचली. नुसती वाचली नाही, चढ्या आवाजात वाचली, आणि बाकावर थाप पडायची वाट बघत थांबलो. थापही पडली. अक्का, मला माझ्याच आवाजाची शिसारी आली.

संध्याकाळी आप्पासाहेबांनी खांद्यावर हात ठेवला. "प्रोफेसर, छान वाचता तुम्ही." मला बरं वाटलं. शिसारी आली त्याच दिवशी बरंही वाटलं, हे तुलाच सांगू शकतो.

पुढच्या आठवड्यात आईला भेटायला येतोच आहे.

अवी

*

नरसिंहपूर
७ एप्रिल

अविराज,

तू पुढच्या आठवड्यात आला नाहीस. त्याच्या पुढच्यातही नाही. आलास तो आई गेल्यावर. आणि त्या दिवशी तू दुपारपासून इथं होतास, तरी तुझे डोळे फोनमध्ये होते. म्हणून काय झालं ते तुला लिहून कळवते. तुझ्याच दारात झालंय.

पहाटे आई गेली. मांडीवर डोकं होतं. "अवी निघाला का?" एवढंच विचारलं तिनं. मी म्हटलं, निघालाय. तेव्हा तू निघाला नव्हतास, मी तुला कळवलंही नव्हतं. पण तिला तसं सांगितलं.

सकाळी तात्यांनी सगळी तयारी केली. नदीवर लाकडं गेली. दुपारी तू आलास, आईच्या पायावर डोकं ठेवलंस, रडलास. ते खरं होतं, मी बघितलं. मग शिवमनं तुझ्या कानात काहीतरी सांगितलं, तू डोळे पुसलेस आणि म्हणालास, "आप्पासाहेब स्वतः येताहेत. ते आले की उचलू."

कधी येणार? सोलापूरला लग्न आहे, ते उरकून.

त्यानंतर घराचं काय झालं बघ. मंडपवाला आला. कोणीतरी माइक लावला, "हॅलो हॅलो, माइक टेस्टिंग" सुरू झालं. आई समोर, आणि माइक टेस्टिंग! तहसीलचे लोक आले. गावाला पिण्याच्या पाण्याचा टँकर मिळावा म्हणून बायका महिनाभर पंचायतीत खेटे घालत होत्या, तो टँकर आला आणि रस्त्यावर पाणी मारत गेला. का, तर ताफ्याच्या गाड्यांवर धूळ नको. बायका घागरी घेऊन मागं पळाल्या तर हवालदारानं हाकलल्या. तुझ्या मंडळींना चहा-बिस्किटं वाटली. मयताच्या दारात, अवी. कप अंगणातच टाकले. त्यावरच्या माश्या उठून आईवर बसत होत्या.

एप्रिलचं ऊन. बर्फाच्या लाद्या आणल्या, त्या वितळून पाणी उंबऱ्याखालून बाहेर यायला लागलं. मी पदरानं वारा घालत होते. फुलाबाई माझ्याजवळ वाकून म्हणाली, "अक्के, वास सुटलाय गं." माझ्या आईच्या अंगाला कधी घामाचा वास आला नाही. रोज ओढ्यावर घासून अंघोळ करणारी बाई. ती तुमच्या सोलापूरच्या लग्नाच्या जेवणापायी नासत पडली होती.

तात्यांनी तुला सांगितलं, "अविराज, दिस कलला. अंधार पडल्यावर आपल्यात अग्नी देत न्हाईत. सिंधुवैनीचे हाल करू नगं."

तू म्हणालास, "तात्या, अर्धाच तास. ते टेंभुर्णीपर्यंत आलेत."

"त्ये आलं काय न् न्हाय आलं काय, वैनीला काय करायचंय?"

तू फोन कानाला लावून बाजूला गेलास. काय बोलत होतास ते मला ऐकू आलं: "नाही नाही साहेब, काही घाई नाही. आपण सावकाश या."

काही घाई नाही.

 मी उठले आणि म्हटलं, "तात्या, उचला." कोणी हलेना. सगळे तुझ्याकडं बघत होते. मग मीच तिरडीच्या एका बाजूला वाकले. तशी फुलाबाई आली, तात्या आले, आणि वाड्यावस्तीवरची माणसं आली. मडकं मी धरलं.

वेशीत फौजदारानं अडवलं. "रस्ता रिकामा ठेवायचाय, व्हीआयपी मूव्हमेंट आहे." मी म्हटलं, ही मंत्र्याची आई आहे. तो म्हणाला, "म्हणूनच तर बंदोबस्त आहे, ताई." आम्ही खाली उतरलो आणि उसाच्या बांधावरून गेलो. पाचटात पाय अडकत होते. तिरडी हेलकावत होती, पण पडली नाही. दिवस नदीला टेकायच्या आत मी अग्नी दिला. कोणी विचारलं नाही बाईनं कसा दिला म्हणून.

ताफा आला तेव्हा चिता चांगली पेटली होती. तू आप्पासाहेबांना घेऊन घाट उतरलास. त्यांनी दोन बोटांनी रुमाल नाकाला धरला होता. पुष्पचक्र कुठं ठेवायचं ते कळेना, म्हणून आमच्या चपलांशेजारी ठेवलं. तुझ्या माणसांनी फोटोसाठी तात्यांना बाजूला सारलं. तू माझ्याकडं आलास आणि काय म्हणालास, आठवतंय? "अक्का, दहा मिनिटं थांबली असतीस."

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात होतं: 'आप्पासाहेबांच्या उपस्थितीत मातोश्रींना अखेरचा निरोप.' तो पेपर घरात ठेवायची किळस आली. चुलीतही घातला नाही, त्या जाळावर भाकरी भाजायची होती. उकिरड्यावर टाकला.

तेराला दहावा आहे. एकटा ये. तुझ्याबरोबर दुसरं कोणी दिसलं तर माझ्याशी बोलायला येऊ नकोस.

संजीवनी

*

मुंबई
१० एप्रिल

ती. अक्का,

तू लिहिलंस ते सगळं खरं आहे. पण तुला माझी बाजू माहीत नाही.

आप्पासाहेबांशी माझं महिनाभर बोलणं चालू होतं. आपल्या भागात ग्रामीण रुग्णालय व्हावं, हा माझा प्रस्ताव होता. त्या दुपारी मी त्यांना विनंती केली, की इथं चितेसमोर आपण ते जाहीर करावं, आईच्या नावानं. ते हो म्हणाले होते. एकदा माणसांसमोर बोलले की माघार घेता येत नाही. माझ्यासारख्या धाकट्याला ह्याखेरीज दुसरा रस्ता नसतो, अक्का. फाईल माझ्याकडं येत नाही, म्हणून माणूस आणावा लागतो. ते आले आणि त्यांच्यासाठी कोणी थांबलं नव्हतं. गाडीत ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. रुग्णालयाचं नावही आता निघत नाही.

मला आई नको होती का? मला तिचं नाव राहायला हवं होतं.

दहाव्याला मी त्यांना पुन्हा बोलावलं आहे. झालं ते सावरायला हवं. घाटावर छोटंसं व्यासपीठ असेल, चार माणसं श्रद्धांजली वाहतील. सगळ्यांच्याच दहाव्याला हे होतं. तू शांत राहा, एवढीच विनंती.

अवी

*

राज्यमंत्री (अर्थ) यांचे कार्यालय
मुंबई
२२ एप्रिल

प्रति,
श्रीमती संजीवनी, मु. पो. नरसिंहपूर, ता. इंदापूर, जि. पुणे

महोदया,

आपल्या मातोश्री कै. इंदूबाई यांच्या दुःखद निधनाचे वृत्त समजून तीव्र दुःख झाले. त्यांच्या जाण्याने आपल्या कुटुंबाची झालेली हानी भरून न येणारी आहे. आपल्या दुःखात मी वैयक्तिकरीत्या सहभागी आहे. मृतात्म्यास शांती लाभो, ही प्रार्थना.

आपला स्नेहांकित,
(सही)
प्रा. अविराज धाईंजे
राज्यमंत्री

*

नरसिंहपूर
२९ एप्रिल

माननीय राज्यमंत्री साहेब,

आपल्या कार्यालयाचं सांत्वनपत्र मिळालं. पोस्टमननं सही घेऊन दिलं. मला वाटलं दहाव्याबद्दल काही लिहिलं असशील, म्हणून घाईनं फोडलं.

तात्यांना दाखवलं. त्यांना वाटलं, माझीच वाचण्यात चूक होतेय. पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाले, "शिक्का आसंल." मी बोट थुंकीनं ओलं करून सहीवर फिरवलं. शाई पसरली. सही खरी आहे, तुझ्या हातची. जिल्ह्यात कोण कोण मेलं, त्याच्या घरी अशी पत्रं जात असतील. गठ्ठा पुढं येत असेल, आणि तू सह्या करत असशील. तुझ्याकडं ही तरी फाईल येते म्हणायची.

दहाव्याचं मी लिहिणार नव्हते, पण आता लिहिते. आप्पासाहेब आले नाहीत. त्यांच्यासाठी ठेवलेला सोफा शेवटपर्यंत रिकामा होता आणि तू सारखा त्याच्याकडं बघत होतास. मी भल्या सकाळी पिंड ठेवून, नदीत अंघोळ करून वर येऊन बसले होते. तुमची भाषणं ऊन चढेपर्यंत चालली. एकानं आईला 'थोर समाजसेविका' केलं. एकानं मधेच पुढच्या निवडणुकीचं काढलं. न्हावी वस्तरा घेऊन उभा होता. शिवम त्याला म्हणाला, "साहेबांची टीव्हीवर मुलाखत आहे, नुसती एक बट घ्या." तू मान खाली घालून बट दिलीस. रामहरी तात्या चुलते असून त्यांनी सगळं डोकं भादरून घेतलं.

तू लिहिलंस, आईचं नाव राहावं म्हणून थांबवलं. तिच्या नावानं दवाखाना उभा राहावा म्हणून तिला उन्हात आडवी ठेवलीस. मला सुरुवातीला त्या फुलांच्या चिखलाची शिसारी आली, मग त्या रुमालाची, मग त्या चहाच्या कपांची. तुझ्यापर्यंत यायचं मी टाळत होते. तुझं दहा तारखेचं पत्र वाचल्यावर टाळता आलं नाही.

पेरूची बाग मी फुलाबाईला वाट्यानं लावली आहे. माझं शरीर आता तेवढं चालत नाही. घर मी सोडणार नाही. टँकर परत आलेला नाही, तेव्हा तुझ्या लेटरहेडवर त्याबद्दल कोणी काही लिहून देत असेल तर तात्यांच्या नावे पाठव, मला नको.

तुमच्या पत्रात एक चूक आहे, ती कार्यालयाला कळवते. आमच्या घरात इंदूबाई नावाचं कोणी वारलेलं नाही. तुम्ही म्हणता त्या बाई कोण, मला माहीत नाही. त्यांचा मुलगा मंत्री असेल. माझ्या आईचं नाव सिंधुबाई. तिला एकच मुलगा होता, तो बारामतीच्या कॉलेजात शिकवायचा.

संजीवनी